जिंकलेल्याने स्वतःचे हात का बांधून घ्यावेत?

२७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसमध्ये पंधरा देशांनी लिहून दिलं, की यापुढे युद्ध हे आमच्या धोरणाचं साधन नसेल. हा केलॉग-ब्रियां करार. सही करणाऱ्यांत जर्मनी, इटली आणि जपानही होते. (भारतही होता, पण आपलं परराष्ट्र धोरण तेव्हा लंडनहून ठरायचं.) तीनच वर्षांनी जपान मांचुरियात घुसला आणि त्याला युद्ध न म्हणता ‘घटना’ म्हणाला.

मी कोड लिहितो. नियम दिसला की पहिला प्रश्न पडतो: तो मोडला तर सिस्टीम काय करते? इथे ती काहीच करत नव्हती. करार अगदीच वाया गेला असं मात्र नाही. न्युरेंबर्गच्या न्यायालयाने १९४६ मध्ये आक्रमण हा गुन्हा ठरवताना याच कागदाचा आधार घेतला. पण तोवर कोट्यवधी माणसं मेली होती.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला म्हणून निर्बंधांचे आणि लष्करी कारवाईचे अधिकार मिळाले. सोबत पाच देशांना व्हेटोही मिळाला. म्हणजे नियम सगळ्यांना, ॲडमिन सोडून. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या हल्ल्याविरुद्धचा ठराव खुद्द रशियाने व्हेटोने पाडला. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं! व्हेटो नसता तर बडे देश आत आलेच नसते, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या घरावर बॉम्ब पडतोय त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

या सगळ्यात मला सर्वात विलक्षण वाटतो तो कोळशाचा करार. १९२३ मध्ये जर्मनी नुकसानभरपाई थकवतोय म्हणून फ्रान्सने बेल्जियमसोबत रूर खोऱ्यात सैन्य घातलं होतं. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने तिथेच. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स पुन्हा जिंकलेल्यांच्या बाजूला होता. पण ९ मे १९५० ला परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमन यांनी वेगळंच सुचवलं. तुमचा कोळसा आमच्या ताब्यात द्या, असं नाही. तुमचा आणि आमचाही एका समाईक संस्थेच्या देखरेखीखाली ठेवू. तोफा आणि रणगाडे याच कोळसा-पोलादातून बनायचे. हिशेब एकत्र असला की कुणालाच गुपचूप तयारी करता येणार नव्हती. पुढच्या वर्षी सहा देशांनी सह्या केल्या.

जर्मन ताब्यातून सुटून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. ज्या फ्रेंच बाईचा मुलगा छळछावणीतून परतलाच नाही, तिच्या वतीने सरकारने जर्मनीला बरोबरीने बसवावं का? तिच्या वतीने माफ करायचा अधिकार कुणालाच नाही, असं मला वाटतं. पण या करारात माफी नव्हतीच. अविश्वास होता, फक्त तो दोघांवर सारखा होता. फ्रान्सने स्वतःवरही पाळत मान्य केली.

नुसत्या देवाणघेवाणीने हे साधत नाही. युरोप वर्षानुवर्षं रशियाचा गॅस घेत होता, तरीही २०२२ चं युद्ध झालंच. गॅस विकताना रशियाने आपल्या नळावरचा ताबा कधी कुणाशी वाटून घेतला नव्हता.

कोळशाचा करार पन्नास वर्षांच्या मुदतीचा होता. २००२ च्या जुलैमध्ये तो संपला, तेव्हा फारसा गाजावाजाही झाला नाही.