म्हातारपण कुणाच्या खात्यावर?

राबून वाकलेल्या माणसाला आधार द्यायचा, ती दया की देणं?

आमच्या माकणीतनं कुणी गिरणीत जातो, कुणी हमालीत. पाठ मोडली की घरी. मशीन झिजलं तर मालक वहीत घसारा लिहितो. माणूस झिजला, त्याचा घसारा कुठाय?

१९४२ च्या ऑगस्टात मजूरमंत्री बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत सरकार, मालक, कामगार एकत्र बसले. पुढं १९६९ च्या माथाडी कायद्यानं महाराष्ट्रात तिघांची मंडळं आणली. मालक मजुरीवर लेव्ही भरतो, त्यातनं हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी. मालक रोज बदलला तरी खातं तेच. म्हणजे म्हातारपणाचा पैसा राबत्या दिवशीच बाजूला पडतो. ही भीक नव्हे, अडकवून ठेवलेली मजुरी.

पण नोंदच नसलेल्याला कायदा म्हणजे नुसता कागद. आणि नोंदलेल्या कारखाना-कामगाराला? २०१४ साली सरकारनं किमान पेन्शन ठरवली महिना हजार रुपये. ठरवणाऱ्यांनी हजारात महिना काढून दाखवावा.

सरकार विसरतं, मालक विसरतो. युनियननं तरी वर्गणी थांबली म्हणून म्हाताऱ्याचं नाव खोडू नये. बोलणीला बसताना त्याला सोबत न्यावं. हिशेब त्याचाच बाकी हाय.