काचेत कोंडलेला भार

आवाज आकड्यांत येत नाही. तो चढतो, उतरतो, आणि दोन क्षणांच्या मधेही असतोच. त्याचे आकडे आपण करतो, आणि त्याची किंमत विजेत मोजतो.

१९६७ साली बेल लॅब्जमध्ये दावॉन कांग आणि सायमन झी यांनी ट्रान्झिस्टरच्या गेटखाली आणखी एक गेट ठेवलं, कशालाच न जोडलेलं, म्हणून ‘फ्लोटिंग गेट’. आजच्या चिपमध्ये त्याच्या चारी बाजूंना सिलिकॉन डायऑक्साइड असतं, म्हणजे काचच. आत गेलेला इलेक्ट्रॉन वीज बंद केली तरी वर्षानुवर्षे आतच राहतो. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही याच कल्पनेची लेकरं.

पण मेमरी कार्ड आत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या भाराला एवढंच विचारतं: आहेस की नाहीस? फार तर, आठ-सोळा पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर आहेस? पायऱ्यांच्या मधली सगळी जागा वाया जाते. एवढ्या नाजूक वस्तूला एवढा ढोबळ प्रश्न विचारावा, हे मला खटकतं.

१९९०च्या दशकात आयएसडी या कंपनीच्या एका चिपमध्ये सोळा सेकंदांचं बोलणं मावायचं. सेकंदाला आठ हजार नमुने, म्हणजे सुमारे सव्वा लाख सेल. एका सेलमध्ये एक नमुना. जेवढा आवाज, तेवढा भार. मधे आकडा कुठेच नाही.

साठवलेला भारच प्रवाह किती वाहील ते ठरवतो. येणारा सिग्नल त्या भाराच्या प्रमाणात कमी-जास्त होऊन बाहेर पडतो, गुणाकार झाला. अशा अनेक ट्रान्झिस्टरांच्या तारा एका ठिकाणी जोडल्या की प्रवाह एकमेकांत मिसळतात, बेरीज झाली. किरखॉफचा नियम हे काम फुकट करतो. डिजिटल यंत्रात आकडा मेमरीतून उचलायचा, गणिताच्या जागी न्यायचा, परत आणून ठेवायचा. बरीचशी वीज या हेलपाट्यांतच जाते. इथे ज्याला आठवतं तोच हिशेब करतो.

कॅल्टेकमधल्या कार्व्हर मीड यांनी ट्रान्झिस्टर ‘बंद’ समजला जातो त्या अवस्थेतला इवलासा प्रवाह मनावर घेतला. तिथे, खोलीच्या तापमानाला, गेटवरचा दाब साधारण साठ ते शंभर मिलिव्होल्टनं बदलला तरी प्रवाह दसपट होतो. इतरांना जी गळती वाटत होती, तिच्यात त्यांना गणित दिसलं. त्यांचे विद्यार्थी पॉल हॅस्लर पुढे जॉर्जिया टेकला गेले आणि तिथे हवं तसं सर्किट जुळवता येईल अशा ॲनालॉग चिप घडवू लागले. या चिपमध्ये दोन तारा जोडणारं बटणही फ्लोटिंग गेटचाच ट्रान्झिस्टर असतं. ते अर्धवट उघडं ठेवता येतं, आणि अर्धवट उघडं बटण हिशेबात भाग घेतं. मला या साऱ्या विद्येतली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

एकाच चिपवर शेजारी घडलेले दोन ट्रान्झिस्टर सारखे नसतात. डिजिटल यंत्र हा फरक दडपून टाकतं. ॲनालॉगला तो सोसत नाही, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र लावून घ्यावं लागतं. दोन तंबोऱ्यांचे भोपळे कधी एकसारखे नसतात, तरी ते एका स्वरात लागतात: आधी खुंटी, मग मणी. इथे टनेलिंगनं, म्हणजे इलेक्ट्रॉन काचेतून बाहेर काढून, आधीचा भार ढोबळ पुसून घेतात आणि इंजेक्शननं, म्हणजे इलेक्ट्रॉन आत ढकलून, बारीक जागेवर आणतात. एक धक्का द्यायचा, प्रवाह मोजायचा, पुन्हा एक धक्का. एक फेम्टोफॅरडच्या गेटवर एक मिलिव्होल्टचा फरक पाडायला सहा इलेक्ट्रॉन पुरतात. सहा!

ॲनालॉगला गोंगाट चिकटतो, आणि नकलेची नक्कल काढत गेलं की ती विटत जाते. बँकेचा हिशेब त्याच्यावर सोपवू नये. पण दिवसरात्र कानोसा घेत राहायचं आणि ठरावीक शब्द ऐकला तरच मोठ्या यंत्राला उठवायचं, या कामाला बँकेची अचूकता कशाला? २०१६ मध्ये हॅस्लर यांच्या गटानं ३५० नॅनोमीटरच्या, म्हणजे तेव्हाही जुन्या झालेल्या तंत्रावरच्या चिपमध्ये आज्ञेचे शब्द ओळखून दाखवले. वीज लागली २३ मायक्रोवॉटपेक्षा कमी.

अडचण आहे ती ऊन-थंडीची. तापमान बदललं तरी कोंडलेला भार हलत नाही, प्रवाह मात्र सरकतो. त्याची भरपाई सर्किटमध्ये आधीच बांधून ठेवावी लागते, आणि ते काम अजूनही माणसाच्या हाताचं आहे.