मालक गप्प असतो तेव्हा

ऑक्टोबर २००९मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या लवादाने केव्हिन कीगन विरुद्ध न्यूकॅसल युनायटेड या दाव्याचा निकाल दिला. कीगन म्हणजे न्यूकॅसल शहराचा जीव की प्राण. खेळाडू म्हणून ते तिथे गाजले, मॅनेजर म्हणून १९९६मध्ये त्यांनी संघाला लीगच्या विजेतेपदाच्या उंबरठ्यापर्यंत नेले आणि जानेवारी २००८मध्ये ते पुन्हा त्याच पदावर आले. आठ महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला. इग्नासिओ गोन्झालेस हा उरुग्वेचा खेळाडू क्लबने त्यांच्या मर्जीविरुद्ध लोनवर घेतला होता. कीगन यांनी त्याला कधी खेळताना पाहिलेले नव्हते. यूट्यूबवर पाहून घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. खेळाडू घ्यायचा की नाही याचा अखेरचा शब्द मॅनेजरचा नव्हताच, असे क्लबचे लवादापुढे म्हणणे होते. मग तो शब्द मॅनेजरचाच आहे असे क्लब वर्तमानपत्रांना आणि चाहत्यांना पुन्हा पुन्हा का सांगत होता? ती विधाने खरी नव्हती, ती जनसंपर्कासाठी केलेली होती, हे क्लबला कबूल करावे लागले. लवादाने कीगन यांच्या बाजूने कौल दिला आणि त्यांना २० लाख पौंड भरपाई मिळाली.

या निकालातून कीगन खरे ठरले आणि मालक माइक ॲशली यांची माणसे खोटी ठरली, एवढाच अर्थ सहसा काढला जातो. मला त्यातली दुसरीच गोष्ट अधिक बोचते. खोटे सांगितले गेले होते चाहत्यांना; पण दाद मागता आली ती फक्त कीगन यांना, कारण त्यांच्या हातात करार होता. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्क मैदानाची ५२ हजारांच्या आसपासची आसने वर्षानुवर्षे भरणाऱ्या माणसांजवळ तिकिटाखेरीज काही नव्हते. एका पगारी नोकराचे क्लबशी बिनसले म्हणून त्यांना आपल्याच फसवणुकीची हकिकत कळली. मॅनेजर आणि मालक यांच्यात ठिणगी पडली की चाहते दोन तट करून भांडतात, आणि बहुधा मोठा तट मॅनेजरच्या मागे उभा राहतो, त्याचे मूळ इथे आहे असे माझे म्हणणे आहे. ते प्रेम केवळ त्या माणसावरचे नसते. क्लबमध्ये आपल्याला जागा नाही, हे ठाऊक असलेला चाहता जागा असलेल्या माणसाला आपले वकीलपत्र देऊन टाकतो. अडचण इतकीच की मॅनेजरने ते कधी स्वीकारलेले नसते, आणि तो स्वतःचा हिशेब चुकता करून निघून गेला की चाहत्याचा दावा तिथेच बारगळतो.

आपल्याकडच्या बातम्यांत मॅनेजरला सरसकट ‘प्रशिक्षक’ म्हटले जाते, त्यामुळे या भांडणातले बरेच काही निसटते. इंग्लंडमध्ये सुरुवातीला संघ निवडायचे ते संचालक. हर्बर्ट चॅपमन यांनी हडर्सफील्डमध्ये आणि १९२५नंतर आर्सेनलमध्ये ती सूत्रे आपल्याकडे खेचून घेतली. तरीही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची निवड समितीच करत राहिली. निवडीचा पूर्ण अधिकार माझा, या अटीवर आल्फ रॅम्से यांनी त्या संघाच्या मॅनेजरचे पद घेतले, तेव्हा १९६० ओलांडून गेले होते. म्हणजे मॅनेजरची सत्ता ही संचालकांकडून हिसकावून घेतलेली सत्ता आहे. दुसऱ्या बाजूला मालकीचेही स्वरूप पालटत गेले. फुटबॉल असोसिएशनच्या ३४व्या नियमाने लाभांशाला मर्यादा घातली होती आणि दीर्घकाळ संचालकांना पगार घ्यायलाही बंदी होती. क्लब ही गावची ठेव, संचालक तिचे राखणदार, ही त्यामागची समजूत. टॉटनहॅमने १९८३मध्ये वर एक धारक कंपनी उभी करून क्लब शेअर बाजारात नेला आणि तो नियम नावापुरता उरला. राखणदार गेले, गुंतवणूकदार आले. चाहत्यांच्या मनातली जुनी समजूत मात्र गेली नाही, आणि जाऊही नये. मालकावर चाहता रागावतो तेव्हा तो ग्राहक म्हणून रागावत नाही. ठेव सांभाळायला दिली होती, तिचे काय केले, असे तो विचारत असतो.

हे विचारायचे कोणाला? मालक क्वचितच समोर येतो. मॅनेजरला सामन्यापूर्वी आणि सामन्यानंतर कॅमेऱ्यापुढे बसावेच लागते. एप्रिल २०२१मध्ये इंग्लंडचे सहा क्लब युरोपियन सुपर लीग या वेगळ्या चुलीत सामील होत असल्याची घोषणा एका रविवारी रात्री झाली. दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलचा लीड्सशी सामना होता. लिव्हरपूलच्या मालकांपैकी कोणी तोंड उघडले नाही. उत्तरे द्यावी लागली मॅनेजर युर्गन क्लॉप यांना. या निर्णयात आपल्याला कोणी विचारले नव्हते, हे त्यांना सर्वांसमक्ष सांगावे लागले. प्रमुख मालक जॉन हेन्री यांची क्षमायाचना चित्रफितीतून आली ती बुधवारी, चाहते रस्त्यावर उतरल्यावर आणि बेत कोसळल्यावर. ज्याने निर्णय घेतला तो गप्प, ज्याला विचारलेही नाही तो जाब देतो आहे, ही स्थिती त्या आठवड्यापुरती नव्हती. इंग्लिश फुटबॉलचा हा रोजचा व्यवहार आहे.

न्यूकॅसलकडेच परत येतो, कारण कीगन प्रकरणातून तिथे कोणी काही शिकले नाही. मार्च २०१६मध्ये राफाएल बेनीतेस मॅनेजर म्हणून आले तेव्हा संघ बुडतच होता आणि तो खालच्या श्रेणीत गेलाच. अशा वेळी करारातून बाहेर पडण्याची वाट त्यांना मोकळी होती. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात न्यूकॅसलने टॉटनहॅमला ५-१ हरवले आणि सारे मैदान त्यांनी राहावे म्हणून गात होते. ते राहिले. पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीचे सामने पाहायला सरासरी ५१ हजारांहून अधिक माणसे आली. संघ ती श्रेणी जिंकून वर आला, मग दहावा, मग तेरावा. या तीन वर्षांत बेनीतेस पत्रकार परिषदांतून सभ्यपणे, पण सातत्याने एकच गोष्ट सुचवत होते: खेळाडू, सराव केंद्र आणि युवा अकादमी यांवर क्लब पैसे खर्च करत नाही. चाहत्यांना हवे ते कोणीतरी अधिकाराने बोलत होते. ३० जून २०१९ला करार संपला, बोलणी फिसकटली आणि बेनीतेस चीनमधल्या दालियान क्लबकडे गेले. जुलैमध्ये न्यूकॅसलने जोएलिंटन या आघाडीच्या खेळाडूसाठी सुमारे ४ कोटी पौंड मोजले, तोवरच्या इतिहासातली आपली सर्वांत मोठी रक्कम. आणि जानेवारी २०२०मध्ये रिकाम्या आसनांवर माणसे बसवण्यासाठी सुमारे १० हजार अर्ध्या हंगामाची तिकिटे फुकट वाटावी लागली.

चीनमधल्या घसघशीत पगारामुळे अनेकांनी बेनीतेस यांना ढोंगी ठरवले. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो, पण त्यातून माझ्या मुद्द्याला बळच मिळते. बेनीतेस यांनी नोकरी बदलली. नोकरदाराला तो हक्क आहे. चाहत्याला क्लब बदलता येत नाही. ज्याला निघून जाता येते त्याच्या तोंडून, ज्याला जाता येत नाही त्याची बाजू पुरती मांडली जाईल, ही अपेक्षाच चुकीच्या जागी ठेवलेली होती.

पैसा मालकाचा, मग निर्णयही त्याचाच, असा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ॲशली यांनी क्लबला १० कोटी पौंडांहून अधिक बिनव्याजी कर्ज दिले होते. कर्जात बुडून क्लब दिवाळखोरीत गेल्याची उदाहरणे इंग्लंडमध्ये कमी नाहीत, आणि न्यूकॅसलवर ती पाळी आली नाही याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण दुसरी बाजू अशी की २००७मध्ये सुमारे १३.४ कोटी पौंडांना घेतलेला हा क्लब २०२१मध्ये सुमारे ३० कोटी पौंडांना विकला गेला, आणि दरम्यान तो दोनदा खालच्या श्रेणीत घसरला होता. माल बिघडला तरी किंमत वाढली. कर्जाची रक्कम वजा करूनही हा प्रश्न उरतोच की ती किंमत कशाने टिकली? प्रीमियर लीगच्या प्रक्षेपण हक्कांचा वाटा त्यात मोठा आहे, हे उघड आहे. पण घसरणीच्या वर्षीही मैदान न सोडणारी ५१ हजार माणसे नसती तर विकत घेणाऱ्याने नेमके काय विकत घेतले असते? मालकाचे भांडवल ताळेबंदात दिसते. चाहत्यांचे भांडवलही त्याच क्लबमध्ये गुंतलेले असते, पण त्याची नोंद कुठे होत नाही.

मॅनेजरला सर्वाधिकार द्यावेत, असे मात्र मी म्हणत नाही. इथे चाहत्यांचीच चूक होते. मोहम्मद सलाह २०१७मध्ये लिव्हरपूलला आला तो खेळाडू-निवड विभागाच्या आग्रहाने. क्लॉप यांचा कल आधी युलियान ब्रांटकडे होता. त्या विभागाचे ऐकले म्हणून लिव्हरपूलची पुढची वर्षे उजळली. चाहत्यांचा कौलही अचूक असतोच असे नाही. ब्रायन क्लफ यांनी डर्बी काउंटीला १९७२मध्ये विजेतेपद मिळवून दिले आणि अध्यक्ष सॅम लाँगसन यांच्याशी खटके उडून ऑक्टोबर १९७३मध्ये राजीनामा दिला. खेळाडूंनी बंड केले, गावात निषेध चळवळ उभी राहिली, क्लफ गेले म्हणजे डर्बी संपली असे वातावरण झाले. प्रत्यक्षात डेव्ह मॅके यांच्या हाताखाली डर्बीने १९७५मध्ये पुन्हा विजेतेपद पटकावले. कोण बरोबर हे निकालांवरून ठरवायला गेले तर एकदा मालक जिंकतो, एकदा मॅनेजर. म्हणूनच तो प्रश्न बाजूला ठेवून विचारायला हवे की क्लबमध्ये कोणता निर्णय कोण घेतो हे चाहत्यांना खरेखुरे सांगितले जाते का, आणि जो निर्णय घेतो त्याला वर्षातून एकदा तरी त्यांच्यापुढे उभे राहावे लागते का.

जर्मनीत उभे राहावे लागते. १९९८पासूनच्या नियमानुसार क्लबची कंपनी झाली तरी निम्म्याहून एक तरी मत अधिक सभासदांकडे हवे. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे जुने अपवाद आहेत, आणि लाइपझिगने मोजकेच मतदार सभासद ठेवून नियमाचा आत्माच पोकळ केला आहे. शिवाय या नियमामुळे मॅनेजर टिकतात असेही नाही. बायर्न म्युनिकने मार्च २०२३मध्ये हंगाम ऐन रंगात असताना युलियान नागल्समन यांना काढलेच. फरक दुसरीकडे आहे. कतारच्या विमान कंपनीशी असलेल्या प्रायोजक करारावरून नोव्हेंबर २०२१च्या वार्षिक सभेत बायर्नच्या सभासदांनी अध्यक्षांनाच फैलावर घेतले. तो करार २०२३मध्ये संपला आणि पुढे वाढवला गेला नाही. २०२४च्या फेब्रुवारीत लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणू नये म्हणून प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि लीगने तो बेत सोडला. या दोन्ही भांडणांत कोणताही मॅनेजर नाही. ज्यांना सभेत मत आहे, त्यांना वकील करावा लागला नाही.

भारतातही हा फरक डोळ्यांसमोर आहे. पुणे सिटी संघ २०१९मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादला गेली आणि पुण्याच्या प्रेक्षकांना हरकत नोंदवायला दारही नव्हते. मोहन बागानच्या नावाआधी लागलेली ‘एटीके’ ही अक्षरे मात्र चाहत्यांच्या चिवट मागणीनंतर २०२३मध्ये हटली. तिथे पैसा नव्या मालकाचा असला, तरी मागे शतकाहून जुना, सभासद असलेला क्लब उभा होता.

इंग्लंडने आता अर्धे पाऊल टाकले आहे. तेव्हाच्या खासदार ट्रेसी क्राउच यांच्या २०२१च्या अहवालातून निघालेला कायदा जुलै २०२५मध्ये झाला; स्वतंत्र नियामक आला, क्लबना परवाना लागेल, महत्त्वाच्या बाबींवर चाहत्यांशी सल्लामसलत करावी लागेल. सल्लामसलत म्हणजे मत नव्हे, पण काहीच नसण्यापेक्षा ती बरी. माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत अवघड आक्षेप मात्र कायद्याबाबत नाही, खुद्द चाहत्यांबाबत आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये ॲशली गेले आणि सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने क्लब घेतला, तेव्हा सेंट जेम्स पार्कबाहेर हजारो लोक नाचले. सौदी पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येला तेव्हा तीन वर्षे झाली होती. जाब देणारा मालक हवा होता की फक्त खर्च करणारा? त्या रात्री बहुतेकांनी दुसरे उत्तर दिले, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. चौदा वर्षे गळा आवळलेल्या माणसांना श्वास मिळाला हे मी समजू शकतो. पण मागणी ‘पैसे ओता’ एवढीच असेल, तर पैसे ओतणाऱ्याला पुढे कशाचेच उत्तर द्यावे लागत नाही.

१६ मार्च २०२५ला मॅनेजर एडी हाउ यांच्या संघाने वेम्ब्लीवर लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप जिंकला. देशांतर्गत मोठा करंडक न्यूकॅसलला १९५५नंतर प्रथमच मिळाला. पाच महिन्यांतच त्या संघाचा मुख्य गोल करणारा अलेक्झांडर इसाक क्लब सोडायचा म्हणून अडून बसला. क्रीडा संचालक पॉल मिचेल उन्हाळ्यातच पायउतार झाले होते, क्लबचे अध्यक्ष रियाधच्या निधीचे प्रमुख आहेत, आणि १ सप्टेंबरला १२.५ कोटी पौंडांना इसाक लिव्हरपूलला जाईपर्यंत ऑगस्टभर, आठवड्यामागून आठवडा, त्याच्याविषयीच्या प्रत्येक प्रश्नाला तोंड देत मायक्रोफोनपुढे बसले होते एडी हाउ.