नकळत आणि न विचारता

वाशीमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी. मागच्या दिवाळीत मी ती खाली काढली. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करता करता मी एलपी जमवतो. त्या कशा धुवायच्या ते मला पाठ होतं. डिस्टिल्ड पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळायचं, मऊ फडक्यानं खाचांच्या दिशेनं पुसायचं.

पहिली हातात आली ती बालगंधर्वांची. पुसताना फडकं काळं झालं आणि मला आनंद झाला. इतक्या वर्षांची घाण निघतेय असं वाटलं. निघत होती ती घाण नव्हती, रेकॉर्डच होती.

एलपी विनाइलची असते, ही मात्र लाखेची. पळसा-बोरीवरच्या किड्याचा स्राव, त्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. वाळल्यावर रेकॉर्ड लावली, तर एका पट्ट्यात नुसती खरखर उरली होती.

आजी एवढंच म्हणाली, "लाख हाय थे. सुतारानंबी सांगतलं असतं. आधी मले काऊन नाही इचारलं?"

खरंच होतं. सुतार लाखेचा चपडा स्पिरिटात विरघळवून पॉलिश करतात, हे लहानपणी मी आमच्याच ओट्यावर पाहिलं होतं.

तेव्हापासून एक प्रश्न सुटत नाही. हेतू चांगला होता, माहिती नव्हती. मग दोष किती? आपण पटकन म्हणतो, 'नकळत झालं.' पण ते पूर्ण खरं नाही. न कळणं माझ्या हातात नव्हतं, न विचारणं होतं. उत्तर शेजारच्या खोलीत बसलेलं असताना मी विचारलं नाही, कारण मला येतं असं मी धरून चाललो होतो. अज्ञानाची माफी मिळू शकते. त्या गृहीत धरण्याची मागावी लागते.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक गोष्टीआधी विचारत बसलं तर माणूस काही करणारच नाही. बरोबर आहे. म्हणूनच विचारण्याचं माप चुकीच्या किमतीवर ठरावं असं मला वाटतं. माझ्या कामात बिघडलेला कोड मागच्या आवृत्तीवर नेता येतो. तिथं करून बघणं हा गुण आहे. जे परत आणता येत नाही, तिथं तोच गुण बेफिकिरी होतो. आणि वस्तू दुसऱ्याच्या आठवणीची असेल, तर विचारण्याचं कर्तव्य दुप्पट होतं.

आता मी ७८ चा वेग असलेला टर्नटेबल घेतलाय, आणि त्याला जाड टोकाची वेगळी सुई. या रेकॉर्डींची खाच एलपीच्या जवळपास तिप्पट रुंद. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन गाळच वाजवते. धुताना डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, लेबल कोरडं. नंतर सावलीत उभ्या वाळवायच्या. वऱ्हाडातल्या उन्हानं लाख वाकते.

उरलेल्या रेकॉर्डी छान वाजतात. बिघडलेलीही मी फेकली नाही. आजी तीही लावायला सांगते. खरखर सुरू झाली की ती तेवढा भाग स्वतः गुणगुणते. मी मान खाली घालून ऐकतो. तिनं मला माफ केलंय का, ते मात्र अजून विचारलेलं नाही.