लाखेचा सांधा आणि अवयवीचा प्रश्न

तरफेच्या शाईपेनाच्या पोटात रबराची एक पिशवी असते आणि निब धरून ठेवणाऱ्या पुढच्या भागाच्या तोटीवर ती चपड्याने, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेने, चिकटवलेली असते. आयोवातील फोर्ट मॅडिसनचे जव्हेरी वॉल्टर शेफर यांना १९०८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीत तरफ उचलली की आतली धातूची पट्टी पिशवीला दाबते, हवा निबेवाटे बाहेर पडते, आणि तरफ सोडल्यावर पिशवी पूर्ववत होऊ लागताच वातावरणाचा दाब दौतीतील शाई आत ढकलतो. काही दशकांत हे रबर कडक होऊन तडकते किंवा वितळल्यासारखे चिकट होते. मग पुढचा भाग मंद, कोरड्या उष्णतेने सैल करावा (सेल्युलॉइड चटकन पेटते, म्हणून उघडी ज्योत जवळही आणू नये), तोटीवरचे जुने रबर व लाख खरवडावी, मापाने कापलेली नवी पिशवी चपड्याने बसवावी आणि वाळल्यावर तिला संगजिऱ्याची पूड लावून पेन जोडावे.

जोडलेले पेन हे तेच पेन असते काय? न्यायदर्शन अवयवी खरा मानते. अवयवी म्हणजे आपल्या भागांहून वेगळी आणि त्यांच्यात समवायाने, अर्थात अविभाज्य संबंधाने, राहणारी वस्तू. त्यासाठी न्यायसूत्रांत एक कारण असे येते की एक भाग धरून ओढला असता सगळी वस्तू ओढली जाते. भाष्यकार वात्स्यायन मात्र दाखवून देतात की लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूडही असेच ओढता येते, आणि तरीही तिथे नवी वस्तू उत्पन्न झालेली नसते. पेनाची पिशवी लाखेनेच जोडलेली असल्याने हा आक्षेप तिला थेट लागू होतो. पण गवत आणि दगड मिळून एखादे असे कार्य करीत नाहीत जे त्यांतील एकालाही एकट्याने साधत नाही, आणि तरफ, पट्टी व पिशवी नेमके तेच करतात.

वैशेषिकांचा नियम याहून कठोर आहे: भागांचा संयोग तुटला की वस्तू नष्ट होते, आणि पुन्हा जोडल्यावर होणारी ‘हेच ते’ ही ओळख केवळ सादृश्यावर उभी असते. दुसऱ्या टोकाला बौद्ध भिक्षू नागसेन मिलिंद राजाला सांगतात की रथ हे चाके, आस इत्यादींच्या आधाराने केलेले नामकरण आहे. वडिलांचे पेन दुरुस्त करणाऱ्याचे समाधान या दोहोंपैकी एकानेही होत नाही, आणि ते होऊ नये, हेच योग्य आहे. चपडा नेहमीच्या तापमानाला घट्ट धरतो व ऊब मिळताच सोडतो. सांधा सुटावा अशीच ही योजना आहे, त्यामुळे त्याचे सुटणे हा वस्तूचा नाश न मानता तिच्या घडणीचाच भाग मानला पाहिजे.

भागांनी मिळून साधायचे कार्य टिकते का, या कसोटीने उलट निर्णयही द्यावा लागतो. काही जण पिशवी व पट्टी काढून टाकतात, तरफेची फट बुजवतात आणि पेनाच्या नळीत ड्रॉपरने शाई भरतात. अशा पेनाची निब, नळी आणि टोपण मूळचीच असली, तरी जे पेन दौतीतून स्वतः शाई ओढून घेत असे, ते तिथे उरलेले नसते.