एकाच जिन्यावरच्या शाळा

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी. एका नगरपालिकेने आठ भाषांतून मुलांना शिकवावे, ही खरे तर जगाला अभिमानाने दाखवावी अशी गोष्ट. आपण ती पटसंख्येच्या तक्त्यात टाकून विसरून गेलो. बऱ्याचदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमे नांदतात. जिना एक, पाण्याची टाकी एक, मैदान असलेच तर तेही एक. पण मुख्याध्यापक वेगळे, परिपाठ वेगळा, स्नेहसंमेलन वेगळे. कुणाचे आजोबा तेलंगणातून गिरणीत आले, कुणाचे तिरुनेलवेलीहून धारावीत, कुणाचे उत्तरेकडून मागावर बसायला मदनपुऱ्यात. नातवंडे एका छपराखाली वर्षानुवर्षे शिकतात आणि वरच्या मजल्यावरच्या एकाही मुलाचे नाव ठाऊक नसताना शाळा सोडतात.

दुसरीकडे 'जागतिक नागरिकत्व' हा शब्दप्रयोग शिक्षणाच्या दस्तऐवजांत चांगलाच रुळला आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांत तो आहे, आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे. शाळांत त्याचे जे होते ते मात्र बहुधा एका दिवसाचे असते. वर्गावर्गांना देश वाटून दिले जातात, पालक रात्रभर जागून किमोनो शिवतात, पताका लागतात, पास्ता होतो, फोटो निघतात. मुले खूश असतात, त्याला माझी हरकत नाही. पण दूरच्या माणसावर प्रेम करणे फार सोपे असते, कारण तो आपल्याकडे काही मागत नाही. शेजारचा माणूस नोकरी मागतो, भाड्याने खोली मागतो, नळावर रांगेत पुढे उभा असतो. परक्याला समजून घेण्याची कसोटी तिथे लागते, आणि शाळा नेमकी तीच टाळते.

रवींद्रनाथांना हे सोपेपण मान्य नव्हते. 1916 मध्ये जपानला जाऊन त्यांनी यजमानांनाच आक्रमक राष्ट्रवादाबद्दल खडे बोल सुनावले, आणि 1921 मध्ये विश्वभारती स्थापन केली. पॅरिसहून प्राच्यविद्या पंडित सिल्व्हाँ लेव्ही तिथे आले, पुढे 1937 मध्ये चिनी भाषा-संस्कृतीच्या अभ्यासासाठी चीना भवन उभे राहिले. या मोठ्या नावांपेक्षा मला शांतिनिकेतनच्या शाळेतली एक साधी गोष्ट अधिक मोलाची वाटते. तिथल्या मुलामुलींना ज्युडो शिकवायला जपानी शिक्षक आले आणि राहिले. जपान हा तिथे एका दिवसाचा देखावा नव्हता. तो रोज समोर येणारा, चुकले की रागावणारा गुरू होता. आपले पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले, त्यामागची श्रद्धाही हीच असावी: परक्याची ओळख मुक्कामाने होते, भेटीने नव्हे.

साने गुरुजींना हा मुक्काम तुरुंगात घडला. 1930 च्या सत्याग्रहात शिक्षा झाली आणि धुळ्याहून त्यांची रवानगी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात झाली. भोवती दक्षिणेतले कैदी. एकाच लढ्यात, एकाच सरकारच्या कोठडीत, आणि तरी एकमेकांशी धड बोलता येत नाही! गुरुजी तमिळ शिकू लागले. पुढे तिरुवल्लुवरांचा 'कुरल' त्यांनी मराठीत आणला. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आंतरभारतीचा ध्यास घेतला, त्याचे बीज त्या कोठडीत आहे. भारतातल्या एका प्रांताने दुसऱ्याची भाषा आणि साहित्य प्रेमाने शिकावे, ही ती कल्पना. विश्वभारतीच्या अंगणात जायचे तर आंतरभारतीचा उंबरा ओलांडावा लागतो, असे मी तिच्याकडे पाहतो. जून 1950 मध्ये गुरुजी गेले. यदुनाथ थत्ते यांच्यासारख्यांनी ते काम पुढे नेले, पण सरकारी शाळेच्या वेळापत्रकात त्याला कधी तास मिळाला नाही. गुरुजींची प्रार्थना मात्र आजही शाळाशाळांतून म्हटली जाते. जगावर प्रेम करायला सांगणारी ती प्रार्थना संपते, मुले वर्गात जातात, आणि वरचा मजला परकाच राहतो.

2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, वाद पेटला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. बरे झाले. सक्तीने आलेली भाषा मुलाच्या मनात माणसाची नव्हे, सरकारची भाषा म्हणून बसते. पण त्या सगळ्या गदारोळात महाराष्ट्रातल्या मुलाने कन्नड किंवा तेलुगू का शिकू नये, हे विचारणारे आवाज अगदीच क्षीण होते, याची खंत वाटते. सोलापूरच्या बाजारात या दोन्ही भाषा रोज कानावर पडतात.

नुसती मुले एकत्र आणली की दुरावा मिटतो, असेही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच सांगून ठेवले आहे की सहवासाने पूर्वग्रह कमी व्हायचा तर दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, काम सामाईक हवे, त्यात सहकार्य हवे आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. नाहीतर सहवासाने तेढ वाढूही शकते. 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग नुकतेच एकत्र झाले होते आणि भांडणे विकोपाला गेली होती. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी तिथे उपदेश टाळला. धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. ज्याला कालपर्यंत हसलो, त्याचे ऐकल्याशिवाय आज धडा पुरा होईना.

आपल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा झाली ती पुस्तकांतल्या क्यूआर कोडची आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी वाटून टाकली याची. मला त्यांचा दुसरा उपक्रम अधिक धाडसी वाटतो: भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना त्यांनी एकमेकांशी बोलते केले. पडद्यावरून का होईना, पण त्यांनी गाठ घालून दिली ती वैर असलेल्यांची.

महापालिकेच्या इमारतींत तर पडद्याचीही गरज नाही. अभ्यासक्रम राज्याचा, एकच. चौथीचे शिवचरित्र मराठी माध्यमातले मूल वाचते तसेच उर्दू माध्यमातलेही वाचत आले आहे. दोघांना एकमेकांचे हे माहीत नसते एवढेच. ॲरनसन यांना तुकडे पाडावे लागले, इथे ते पाडलेलेच आहेत. नकाशा, लोकसंख्येचा तक्ता, पावसाच्या नोंदी, आजोबांच्या गावाहून मुंबईपर्यंतची वाट, असे कितीतरी काम तेलुगू, उर्दू, मराठी मुलांच्या मिश्र गटांना करता येईल. मोडकी हिंदी पुरते. नाही पुरली तर हात आहेत. अडचण एवढीच की माध्यमागणिक हजेरीपट वेगळा, पर्यवेक्षक वेगळे, आणि अशा तासाची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे कुणी ठरवलेले नाही. त्याच महापालिकेने अलीकडे केंब्रिज आणि आयबीच्याही शाळा काढल्या. काढाव्यात. पण कन्नड, तमिळ, तेलुगू शाळांचा पट घसरत चालला आहे, आणि त्या वर्गांना एकदा कुलूप लागले की ही संधी कुठल्याच आंतरराष्ट्रीय मंडळाकडून विकत मिळणार नाही.

म्हणून एका इमारतीतल्या मुख्याध्यापकांना विनंती आहे. यंदा आठवड्यातला एक तास आपसांत जुळवा, मुले मिसळा, आणि परीक्षा जवळ आली म्हणून तो तास गणिताला देऊ नका.