सांडपाण्याची मालकी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटी मुलखात ट्रकच्या पाठीवर संसार थाटून हिंडणाऱ्या प्रवाशाला, सिंकमधले सांडपाणी गटाराच्या हवाली करून निश्चिंत होण्याची शहरी सवलत नसल्यामुळे, टाकी रिती करण्याचा रीतसर बंदोबस्त सापडेपर्यंत आपले उच्छिष्ट आपल्यासोबतच वाहून न्यावे लागते. आणि यात मला गैरसोयीपेक्षा शौचधर्माची दीक्षाच अधिक दिसते.

भांडे घासून झाले की पाण्यावरची आपली जबाबदारी संपते काय? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात जलात मलमूत्र वा थुंकी टाकण्याची मनाई आहे. अमेरिकेतल्या रानात पायी हिंडणाऱ्यांनाही खरकटे गाळून उरलेले पाणी ओढ्यापासून २०० फूट दूर शिंपडण्याचा उपदेश केला जातो. दोन्हींत शुद्धीची हद्द स्वतःच्या हातांपाशी थांबत नाही. टाकी भरत आली की ट्रकवरचा तो प्रवासीही ताटली धुण्याआधी कागदाने निपटून घेतो, आणि नळ अर्धाच उघडतो.